शिट्टी

ह्या आठवड्यात शिट्टी माझ्याकडे आहे.
आश्रमशाळेतले कबड्डीचे मास्तर
बदली झाली तेव्हा विसरून गेलेले,
पितळी, आतला मणी अर्धा झिजलेला.
चुलीच्या राखेने घासली तरी
ओठाला लावली की आधी लागतो
मंगळू गावितचा तंबाखू,
मग त्याच्या आधीच्या कुणाची तरी मिसरी.
एकवीस घरं, एकच थुंकी.

पाळी आली की जायचं.
फडक्यात नागलीची भाकरी, कंबरेला कोयता
आणि दोनशे पानी वही,
तिच्यावरचं पोरीचं नाव खोडून मी लिहिलंय:
सादडमाळ, वनहक्क समिती.

फाल्गुनात आम्ही जाळरेषा काढल्या.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
बायका खराट्यांनी झाडत गेल्या
डोंगराचा भांग,
आणि पल्याड, गुजरातच्या बाजूला, तीन रात्री
लाल किनार दिसायची, सरकणारी, थांबणारी.
चौथ्या रात्री आमच्या रेषेपाशी येऊन
ती बसली,
म्हातारी कुत्री बसते तशी.

त्या खुशीत होते मी, म्हणून असेल,
खुंट दिसायला उशीर झाला.

आंब्याच्या ओहोळावर, तीन नंबरच्या दगडाजवळ
साग, मांडीएवढा.
ढलप्या अजून ओल्या.
मी शिट्टी तोंडात धरली,
मग पाहिलं
घाव कुठून कुठे उतरलाय.

उजव्या हाताची कुऱ्हाड अशी उतरत नाही.
डावखुरा पाड्यावर एकच.
धवळू भोये. नकाशासाठी
अकरा वर्षं सुरगाणा, मग नाशिक, मग परत सुरगाणा,
एस्टीची तिकिटं त्याने दोऱ्यात ओवून ठेवलीत,
खुंटीला टांगलीत, मिरच्यांच्या माळेशेजारी.
नियम त्याने सांगितले, मी लिहिले:
न विचारता उभं झाड तोडलं, पाचशे एक.
कुणीतरी म्हणालं, जास्त होतात.
तो म्हणाला, जास्तच लागतात.

शिट्टी वाजवली नाही.
वहीत लिहिलं: एक साग. घाव डावा.

अमावास्येला बैठक भरली.
मी वाचत गेले.
गुरं शिरली दोनदा, दंड जमा.
मोहाखाली विस्तव केला, समज दिली.
भेकर दिसलं, सोबत पिल्लू.
आणि पान उलटलं.

"मधली एक ओळ राहिली," धवळू म्हणाला.

त्याला वाचता येत नाही.

वाचली मी.
त्याने बंडीतून पाचशेची नोट काढली.
वरचा एक रुपया मात्र सापडेना.
हा खिसा, तो खिसा, मग टोपीची घडी.
तेवढा वेळ सगळे जमीन बघत होते.
"गोठ्याची आढी मोडली होती," तो म्हणाला.
"विचारलं असतं तर मला कुणी नाही म्हटलं नसतं.
म्हणूनच विचारलं नाही."

मंगळू खाकरला. मग लाकडाचं काय?
ह्यावर पाऊण तास गेला.
आढी गोठ्यात राहील,
धवळूच्या दोन पाळ्या जास्तीच्या.
वय त्याचं सत्तरच्या पुढे.
कुणी काढलं नाही वयाचं, त्यानेही नाही.

काल पुन्हा ओहोळावर गेले.
खुंटाच्या कडेला दोन पानं आलीत,
तळहाताएवढी, खरखरीत,
चुरगाळली की बोटं लाल करणारी.
एक चुरगाळून पाहिलं.
हे वहीत नाही.

संध्याकाळी शिट्टी राखेने घासली
आणि धवळूच्या दाराला अडकवली.
आतून त्याने विचारलं,
"मणी वाजतो का अजून?"

म्हटलं, वाजवून बघ.